बचत गटाचा ट्रॅक्टर आणि हरवलेल्या पिना

आपल्या अनेक वस्त्यांमध्ये आता बचत गटाच्या नावाचा छोटा ट्रॅक्टर उभा दिसतो. राज्याच्या सामाजिक न्याय विभागाने अनुसूचित जाती व नवबौद्ध घटकांच्या स्वयंसहाय्यता बचत गटांसाठी 2012 साली ही योजना आणली. 9 ते 18 अश्वशक्तीचा मिनी ट्रॅक्टर, सोबत कल्टिव्हेटर किंवा रोटाव्हेटर आणि ट्रेलर. 2017 च्या शासन निर्णयात खर्चाची कमाल मर्यादा साडेतीन लाख रुपये धरली होती. त्यातले 35 हजार गटाने भरायचे आणि 3 लाख 15 हजार शासनाने द्यायचे. पेरणीच्या तोंडावर दुसऱ्याच्या वाड्यापुढे औत मागायला उभे राहणाऱ्या घरांच्या दारात स्वतःचे यंत्र आले, ही लहान गोष्ट नव्हे.

यंत्र आले त्या दिवशी हार घातले, पेढे वाटले, फोटो काढले. पण त्या यंत्राला औजार जोडून ठेवणाऱ्या पिना किती आणि कोणत्या, याची नोंद किती गटांजवळ आहे? आम्ही पेशाने कारकून. सुटीच्या दिवशी तालुक्यातील काही गटांच्या वह्या तपासून देतो. खर्चाच्या बाजूला 'किरकोळ' या सदराखाली एकच शब्द पुन्हा पुन्हा येतो. पिन. मग बोल्ट. मग परत पिन. रक्कम चहा-नाश्त्याएवढी. तिच्यामागे बुडालेला दिवस आणि वस्तीत झालेले भांडण मात्र कोणत्याच रकान्यात बसत नाही.

आधी ही पिन काय काम करते ते पाहू. ट्रॅक्टरच्या मागे औजार तीन ठिकाणी जोडतात. खाली दोन हात आणि वर मधोमध टॉप लिंक. ही तीन टोकांची जोडणी हॅरी फर्ग्युसन या आयरिश माणसाने चालवली आणि 1936 साली ती असलेला ट्रॅक्टर बाजारात आला. त्याआधी नांगर नुसता मागे ओढत. नांगर खडकात अडकला की पुढची चाके वर उचलून ट्रॅक्टर चालकाच्याच अंगावर उलटायचा. टॉप लिंकच्या जोडणीने तो धोका पुष्कळ कमी केला. म्हणजे जी पिन आपण 'अमुकच्या पोराने टाकली' म्हणून सोडून देतो, ती चालकाच्या जिवाशी जोडलेली आहे.

प्रत्येक जाड पिनेच्या टोकाला भोक असते आणि त्यात गोल कडीची लहान लिंच पिन बसते. हरवते ती बहुधा हीच. कडीची स्प्रिंग ढिली झाली की पऱ्हाटी किंवा तुरीचे खुंट तिला खालून टिचकी मारतात आणि कडी उघडते. लिंच पिन पडली की जाड पिन हळूहळू सरकू लागते. औजार जमिनीत असेपर्यंत ओढीमुळे ती जागेवर दबून राहते. धुऱ्याजवळ वळताना लिफ्ट वर उचलली की ओढ सुटते, औजार हिसके खाते आणि पिन निघून पडते. म्हणून शोध घ्यायचा तर आधी वळणाच्या जागा पाहाव्यात. आमच्या पाहण्यातील दुसरे मोठे कारण याहून साधे आहे. औजार बदलताना पिन मडगार्डवर ठेवायची, बोलत बोलत गाडी चालू करायची, आणि मग सगळ्या रानात पाहत फिरायचे.

एका गटाची हकिगत सांगतो. गावाचे व गटाचे नाव देत नाही. दहा बायकांचा गट. जून महिना, मृगाचा पाऊस पडून वाफसा आलेला. चार शेतांची पाळी ठरलेली. सकाळी पाहतात तो टॉप लिंकची पिन आणि खालच्या हाताच्या दोन लिंच पिना जागेवर नाहीत. ट्रॅक्टर रात्री समाजमंदिराजवळ उघड्यावर होता. वस्तीत एक पंधरा-सोळा वर्षांचा मुलगा आहे. बाप भंगार गोळा करतो. मुलगा शाळा सुटल्यावर ट्रॅक्टरजवळ घुटमळायचा, चाके धुऊन द्यायचा, चालकाला पाना काढून द्यायचा. बोट त्याच्याकडेच गेले. बापाची पोती उलटी करून पाहिली. त्यात डबे, तारा, सायकलचे चाक. पिन नाही.

आम्ही रविवारी गेलो तेव्हा गटाच्या अध्यक्षबाई म्हणाल्या, "भाऊ, दुसरं कोण नेणार? भंगारच ते." आम्ही विचारले, "मावशी, आदल्या संध्याकाळी पिना जागेवर होत्या हे कोणी पाहिलं?" कोणीच नाही. चालक म्हणाला, शेवटच्या तासाला अंधार पडला होता, औजार सोडले नाही, तसाच घरी आलो. टॉप लिंक एका बाजूला तारेने बांधलेली होती. तार कोणी बांधली? त्यानेच. म्हणजे पिन रानातच पडली असणार, हे त्या तारेनेच सांगितले होते. पोती उलटी करण्याआधी तार कोणी पाहिली नाही. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात, इथे तर चोरच नव्हता.

आमचे स्पष्ट मत असे की, ज्या समाजाने पिढ्यान् पिढ्या 'गावात काही हरवले की आधी यांचीच झडती' हे भोगले, त्याने आपल्यातल्याच भंगारवाल्याच्या पोराची झडती घ्यावी, हे शोभणारे नाही. पिन नवी मिळते. तो मुलगा त्यानंतर ट्रॅक्टरजवळ आला नाही. आम्ही त्याच्या घरी जाऊन बोललो. बापाने चहा केला, मुलगा आतून बाहेर आला नाही. पुढे ऑगस्टमध्ये खुरपणी करताना दोन लिंच पिनांपैकी एक गंजलेली वर आली. ज्यांनी पोती उलटी केली होती त्यांच्यापैकीच एकीच्या खुरप्याला ती लागली. टॉप लिंकची पिन अजून जमिनीतच आहे.

तर शोधावे कसे? पिन पडल्याचे कळताच रोटाव्हेटर थांबवावा. त्याची पाती माती उलटीपालटी करून पिन खोल गाडतात. मग ज्या तासाने आलो त्याच तासाने पायी उलटे जावे. पिवळ्या मुलाम्याची पिन वाळलेल्या काडीसारखी दिसते, दुपारच्या उन्हात नजरेला सापडत नाही. संध्याकाळी बॅटरी जमिनीलगत आडवी धरली तर लहान वस्तूचीही सावली लांब पडते. जुन्या स्पीकरमधील चुंबक काठीला बांधून मातीवरून फिरवला तर उपयोग होतो, पण त्याची ओढ दोन-तीन बोटांपलीकडे पोचत नाही. त्यामुळे काठी अगदी जमिनीला टेकवून, पट्टा पट्टा धरून फिरवावी.

सापडली नाही म्हणून विसरू नये. धुऱ्यावरच्या कडब्यात पडलेली तार, खिळा किंवा बारीक पिन गाई-म्हशीच्या पोटात जाते. जनावर चारा ओठांनी निवडून खात नाही, घास ओढते आणि गिळते. लोखंड पोटाच्या पुढच्या जाळीदार कप्प्यात अडकते आणि तिथून टोचत टोचत हृदयाच्या पिशवीपर्यंतही जाऊ शकते. म्हैस चारा सोडते, पाठ वाकवून उभी राहते, कण्हते. घरचे इतर कारणे शोधत बसतात. अशी लक्षणे दिसली तर जनावरांच्या डॉक्टरांना लोखंड हरवल्याचे आधी सांगावे.

आता बदलायची कशी. हरवलेल्या वस्तूचा नमुना आपल्याजवळ नसतो, ही खरी अडचण. खालच्या हातांची एक पिन गेली असेल तर दुसरी जोडीची असते, ती काढून दुकानात न्यावी. टॉप लिंकला जोडी नाही, तिथे भोक मोजावे लागते. पिनांची मापे ठरलेली आहेत. सर्वांत लहान वर्गात वरची आणि खालच्या दोन्ही पिना सुमारे 16 मिलिमीटर जाडीच्या. त्याच्या वरच्या वर्गात वरची 19 आणि खालच्या 22. मिनी ट्रॅक्टरच्या भोकात मोठ्या ट्रॅक्टरची पिन जाणारच नाही. उलट लहान पिन मोठ्या भोकात सैल बसते, हिसक्यागणिक भोक अंडाकृती करते, आणि मग बरोबर मापाची पिनही त्यात टिकत नाही. जाडीइतकीच कामाची लांबी महत्त्वाची, म्हणजे डोक्यापासून लिंच पिनेच्या भोकापर्यंतची. दुकानदार प्रथम "गाडी कोणती?" विचारतो. ट्रॅक्टरचे मॉडेल, साल, चासी नंबर आणि औजाराची कंपनी एका कागदावर लिहून तो कागद चालकाच्या खिशात असावा.

बोल्टचे आणखी एक आहे. डोक्यावर 4.6, 8.8, 10.9 असे आकडे असतात. आपले जे बांधव कारखान्यात काम करतात त्यांना ते ठाऊक आहेत, घरी आले की त्यांनी शेतीवाल्या भावाला समजावून द्यावेत. पहिला आकडा जितका मोठा तितका बोल्ट ताणाला टिकाऊ. 4.6 चा मऊ, 8.8 चा त्याच्या दुप्पट. चाकाचा किंवा हिचचा 8.8 चा बोल्ट गेला आणि तिथे हार्डवेअरच्या दुकानातला बिनआकड्याचा बसवला, तर काही दिवस सगळे ठीक वाटते. मग डोके तुटून पडते. पण रोटाव्हेटरच्या शाफ्टवर काही ठिकाणी मुद्दाम कमजोर बोल्ट ठेवलेला असतो. पात्यात दगड अडकला की तो तुटावा आणि गिअर वाचावा म्हणून. "सारखा तुटतो, आता कडकच टाकू," असे म्हणून तिथे भारी बोल्ट घातला की पुढच्या दगडाला गिअरबॉक्स जातो. म्हणून पुस्तिकेत सांगितलेलाच आकडा घ्यावा, कमी नको आणि जास्तही नको.

आटे पाहावेत. 10 मिलिमीटरच्या बोल्टात जाड आट्याचा आणि बारीक आट्याचा, दोन्ही मिळतात. चुकीचा बोल्ट एक-दोन फेरे हाताने जातो आणि मग अडतो. तिथे पान्याने जोर लावला की आतले आटे गेलेच समजा.

दुकानात मिळत नसेल तर लेथवाला पिन करून देतो. त्याला 'ईएन 8' लोखंडाची कर म्हणून सांगावे. बांधकामाची सळई कापून पिन करू नये. तिच्या अंगावरच्या कंगोऱ्यांमुळे ती भोकात नीट टेकत नाही. जुन्या कडक पिनेला वेल्डिंगने तुकडा जोडणेही टाळावे, जोडाशेजारी ती ठिसूळ होते आणि मोडते.

ट्रेलरची पिन हरवली म्हणून साखळी टॉप लिंकच्या जागी अडकवून ओढणारे लोक आम्ही पाहिले आहेत. हे फार धोक्याचे आहे. ओढ इतक्या वर गेली की पुढची चाके उचलतात आणि ट्रॅक्टर मागे उलटतो. ओढायचे ते खालच्या हिचलाच. पिन नसेल तर काम थांबवावे, मजुरी बुडाली तरी चालेल.

आणखी एक पत्रा असा आहे की तो हरवल्याचे कोणाला वाईट वाटत नाही. रोटाव्हेटरला फिरवणाऱ्या शाफ्टवरचे झाकण. औजार जोडायला अडचण होते म्हणून ते काढतात आणि कुठेतरी कुडाला टेकवतात. हा शाफ्ट मिनिटाला 540 फेरे घेतो, म्हणजे सेकंदाला नऊ. पदर किंवा उपरणे अडकल्यावर "बंद कर" म्हणायलाही वेळ राहत नाही. गटाच्या बायका बियाणे घेऊन ट्रॅक्टरच्या जवळपास वावरतात. पिनेआधी या झाकणाचा शोध घ्यावा असे आम्हाला वाटते.

हिशेबाचे थोडे बोलतो, तो आमचा प्रांत. शासनाचे अनुदान यंत्र घेण्यासाठी आहे, पुढची झीज गटाचीच. भाड्यातून दर तासाला ठरावीक रक्कम वेगळी काढावी. समजा 20 रुपये काढले आणि हंगामात 200 तास काम झाले, तर 4 हजार जमतात. त्यातून पिना, बोल्ट, ग्रीस, पाती निघतात आणि कोणाच्या पर्समधून उसने घ्यावे लागत नाही. वहीत एक पान पिनांचे करावे. जागा, माप, संख्या लिहावी. सकाळी चालकाने यंत्र नेताना आणि संध्याकाळी आणताना मोजून सही करावी. आमच्या सांगण्यावरून दोन गटांनी हे पान सुरू केले. एका गटाने चार दिवसांत सोडले. दुसरा अजून करतो, कारण तिथल्या सचिवबाई चालकाला सही केल्याशिवाय किल्ली टांगू देत नाहीत.

जाड पिना ट्रॅक्टरलाच बारीक साखळीने बांधून टाकाव्यात. लिंच पिनांना लाल रंग द्यावा. डब्यात चार जादा लिंच पिना, एक टॉप लिंकची पिन, एक ट्रेलरची पिन, शाफ्टचे दोन बोल्ट व वायसर ठेवावेत. 14 एप्रिलला बहुतेक ठिकाणी मिरवणुकीचा रथ हाच ट्रॅक्टर ओढतो, पुढेमागे लहान मुले नाचत असतात. मिरवणूक निघण्याआधी ट्रेलरची पिन, तिची लिंच पिन आणि सोबतची जादा साखळी कोणी तपासायची, ते नाव जयंती कमिटीच्या बैठकीतच लिहून घ्यावे.