तलाठी नसलेला सातबारा

केदारखेडा गावात शेत विकलं गेलं, की तलाठ्याकडे फेरफार पडतो आणि सातबाऱ्यावरचं नाव बदलतं. बिटकॉइनचीही अशीच एक वही आहे. कोणत्या खात्यातून कोणत्या खात्यात किती गेलं, याची 3 जानेवारी 2009 पासूनची प्रत्येक नोंद तिच्यात सापडते. नवल हे, की या वहीला तलाठीच नाही! जगभरातल्या हजारो संगणकांवर तिची तीच प्रत आहे. मग कायद्याने नोटीस बजावायची कोणाला?

एप्रिल 2018 मध्ये रिझर्व्ह बँकेने बँकांना अशा व्यवहारांपासून दूर राहायला सांगितलं. 4 मार्च 2020 रोजी सर्वोच्च न्यायालयाने ते परिपत्रक रद्द केलं. ज्या धंद्यावर बंदीच नाही, त्याची बँकेची वाट पूर्ण तोडणं न्यायालयाला प्रमाणाबाहेर वाटलं.

मग कायदा वेशीवर येऊन बसला, म्हणजे रुपयाचं बिटकॉइनसारखं नाणं आणि नाण्याचा रुपया होतो त्या जागी. 2022 च्या वित्त कायद्याने या वस्तूला ‘आभासी डिजिटल मालमत्ता’ म्हटलं. चलनाचा मान दिला नाही, पण नफ्यावर 30 टक्के कर बसवला. समजा, 1 लाखाचं नाणं दीड लाखाला विकलं. नफा 50 हजार, कर 15 हजार, वर उपकर. विकतानाच 1 टक्का, म्हणजे 1,500 रुपये कापले जातात. ते पुढे करात वळते होतात. पण त्याच वर्षी दुसऱ्या नाण्यात 50 हजार बुडाले तर? हाती नफा शून्य, तरी 15 हजारांचा कर कायम! हा तोटा त्या नफ्यातून वजा होत नाही.

7 मार्च 2023 पासून हे व्यवहार करून देणाऱ्या कंपन्या मनी लाँडरिंगविरोधी कायद्याखाली आल्या. ग्राहकाची ओळख तपासणं, नोंदी ठेवणं, संशयास्पद व्यवहार कळवणं त्यांना बंधनकारक झालं. गावातल्या पोराने ॲप उघडलं की ते पॅन आणि फोटो मागतं, त्यामागे हीच वेस आहे.

मात्र ही तपासणी म्हणजे पैशाची हमी नव्हे. 2018 मध्ये पुणे पोलिसांपर्यंत पोहोचलेल्या ‘गेनबिटकॉइन’ प्रकरणात महिन्याला 10 टक्के परताव्याचं आमिष होतं. बिटकॉइनची वही तेव्हाही चोख होती. खोटा होता तो माणसाने दिलेला शब्द. म्हणून कोणी ‘दुप्पट करून देतो’ म्हणालं, तर नाण्याआधी त्या माणसाला पारखा. वहीत चुकून झालेली नोंद मागे फिरवायला तिथे तलाठी नाही.