पावसाळ्यात तुंबलेली घरची कामं: कुठून सुरुवात करायची?

पाऊस ओसरला की राहिलेली कामं काढायला मला फार आवडतं. माझा क्रम देतोय, उपयोगी पडेल.

🔧 हत्यारं: आधी हीच, कारण पुढचं सगळं यांच्यावर. पटाशी, करवत, पान्यांवरचा गंज बारीक पॉलिश पेपरने घासा, कोरडं पुसा आणि शिलाई मशीनच्या तेलाचा हात फिरवा.

🚪 दार: घासणाऱ्या दाराला लगेच रंधा मारू नका. लाकूड हवेतला ओलावा शोषून रुंदीला फुगतं आणि ऑक्टोबरच्या उन्हात पुन्हा आटतं. आत्ता तासलंत तर उन्हाळ्यात फट दिसेल. बिजागरीचे स्क्रू आवळून बघा. पुष्कळदा दार फुगलेलं नसतं, नुसतं खाली उतरलेलं असतं.

🚗 गाडी: बॅटरीच्या टर्मिनलवर पांढरी-हिरवी भुकटी असेल, तर गाडी बंद करून, हातमोजे घालून केबल काढा. खाण्याचा सोडा कोमट पाण्यात कालवून जुन्या टूथब्रशने घासा. निगेटिव्ह केबल काढताना आधी, लावताना शेवटी. कारच्या टायरची नक्षी झिजून खाचांमधल्या उंचवट्यांना भिडली, म्हणजे जेमतेम १.६ मिमी उरली. टायर बदलाच.

एका रविवारी एकच काम घ्या, पण पुरतं संपवा. तुमचं कुठलं राहिलंय?