अल्पखर्चिक गृहसंगणकावरील ध्वनिमुद्रण : रायगड किनारपट्टीवरील धवळ्यांच्या संदर्भात

प्रस्तावना :
रायगडच्या किनारपट्टीवरील आगरी व कोळी समाजांत विवाहाचे विधी गाण्याच्या आधारे पार पाडणाऱ्या स्त्रीस 'धवलारीण' म्हणतात आणि ती गाते त्या गीतांस 'धवळे'. मराठी वाङ्मयाच्या इतिहासात धवळे हा शब्द तेराव्या शतकातील महानुभाव कवयित्री महदंबेच्या रचनेमुळे परिचित आहे. धवलारिणीचे धवळे मात्र मुखपरंपरेने चालत आलेले आहेत. त्यांचे शब्द वहीत उतरविता येतात. परंतु सुराचा चढउतार, श्वासाची जागा, सोबतच्या स्त्रियांनी धरलेली झील आणि बोलीतील उच्चार कागदावर येत नाहीत. ही गीते पाठ असलेल्या स्त्रिया बहुतांशी वयोवृद्ध आहेत. म्हणून त्यांचे ध्वनिमुद्रण पुढे ढकलण्यासारखे नाही.

असे कार्य व्यावसायिक ध्वनिमुद्रणगृहावाचून होणार नाही, असा एक समज आढळतो. वस्तुतः ग्रामीण स्त्रियांचे गाणे त्यांच्या गावी जाऊन मुद्रित करण्याचा मोठा दाखला महाराष्ट्रातच आहे. गी प्वातव्हाँ व हेमा राईरकर यांच्या पुढाकाराने पुण्याहून चाललेल्या प्रकल्पात जात्यावरच्या एक लाखाहून अधिक ओव्या संकलित झाल्या. त्यांपैकी अनेकींचे ध्वनिमुद्रण १९९० च्या दशकात बर्नार बेल यांनी केले. त्या काळी अशा कामास महागडे यंत्र लागे. आज बहुतेक प्राध्यापकांच्या घरी असलेला साधा संगणकही पुरतो. तो कसा सिद्ध करावा, याचे विवेचन प्रस्तुत लेखात केले आहे.

१. संगणकाची क्षमता :
ध्वनी अंकांत साठविताना दर सेकंदाला त्याचे ठरावीक नमुने घेतले जातात. ध्वनिसंग्रहांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेने जुन्या ध्वनिफितींच्या अंकीकरणासाठी किमान ४८,००० नमुने व प्रत्येक नमुन्यास २४ बिट असे प्रमाण सुचविले आहे. नव्या मुद्रणासही तेच धरावे. या प्रमाणाने एका मायक्रोफोनचे मुद्रण सेकंदाला १,४४,००० बाइट, म्हणजे तासाला सुमारे ५२० मेगाबाइट जागा घेते. ५०० गिगाबाइटच्या डिस्कवर असे नऊशे तासांहून अधिक मुद्रण मावते.

हा भार आजच्या संगणकास किरकोळ आहे. शक्तिशाली संगणकाची गरज भासते ती अनेक वाद्ये एकावर एक मुद्रित करताना. तेव्हा गायकाला स्वतःचा आवाज विनाविलंब ऐकू यावा लागतो. २५६ नमुन्यांच्या साठवणीमुळे सुमारे ५ मिलिसेकंदांचा विलंब होतो, तर १,०२४ नमुन्यांमुळे सुमारे २१ मिलिसेकंदांचा. धवलारीण कानाला हेडफोन लावून गात नाही. त्यामुळे मोठी साठवण ठेवण्यास हरकत नसते आणि जुना संगणकही न अडखळता काम करतो. ८ गिगाबाइट स्मृती आणि जुन्या हार्ड डिस्कऐवजी आवाज न करणारी एसएसडी एवढा बदल पुरेसा आहे.

विंडोज १० चे सर्वसाधारण पाठबळ १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपले. असा संगणक इंटरनेटपासून अलग ठेवून केवळ मुद्रणासाठी राखावा किंवा त्यावर उबंटू स्टुडिओसारखी मोफत लिनक्स प्रणाली बसवावी. ऑडॅसिटी हा २००० साली प्रसृत झालेला विनामूल्य प्रोग्राम दोन्हींवर चालतो आणि या कामास पुरतो.

२. मायक्रोफोन व इंटरफेस :
संगणकाच्या अंगच्या ध्वनियंत्रणेत आतील विद्युत-खरखर मिसळते. म्हणून यूएसबीने जोडावयाचा, दोन मायक्रोफोन घेणारा ऑडिओ इंटरफेस घ्यावा. साधा इंटरफेस सुमारे पाच ते पंधरा हजार रुपयांत मिळतो. मुख्य खर्च येथे व मायक्रोफोनवर करावा.

मायक्रोफोनचे दोन प्रकार प्रचलित आहेत. कंडेन्सर मायक्रोफोन अधिक संवेदनशील असतो. त्यास बहुधा इंटरफेसमधून ४८ व्होल्टचा पुरवठा लागतो आणि दमट हवेत तो खरखरू शकतो. डायनॅमिक मायक्रोफोन दणकट असतो व दूरचे आवाज कमी उचलतो. किनाऱ्यावरील दमट, खारट हवा आणि घरातील वर्दळ पाहता डायनॅमिक मायक्रोफोन अधिक सोयीचा होय. एक धवलारिणीसमोर व दुसरा झील धरणाऱ्या स्त्रियांसमोर ठेवून दोन्ही स्वतंत्र मुद्रित करावेत. काम झाल्यावर उपकरणे सिलिका जेलच्या पुड्यांसह घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवावीत.

३. शांततेचे महत्त्व :
या संदर्भात अलिबागचेच एक उदाहरण बोधक आहे. मुंबईत विजेच्या ट्रामगाड्या येणार म्हणून कुलाब्याच्या वेधशाळेतील चुंबकीय मापनात व्यत्यय येईल, हे ओळखून नवी चुंबकीय वेधशाळा अलिबाग येथे उभारण्यात आली आणि १९०४ साली ती कार्यान्वित झाली. उपकरणापेक्षा जागेची निवड निर्णायक ठरते, हे त्यातील तत्त्व ध्वनिमुद्रणासही लागू पडते.

मोकळ्या जागेत गायिका व मायक्रोफोन यांतील अंतर निम्मे केल्यास तिचा आवाज सुमारे ६ डेसिबेलने वाढतो, भोवतालचा गोंगाट मात्र तेवढाच राहतो. विनामूल्य होणारी ही सुधारणा महाग मायक्रोफोननेही साधेलच असे नाही. एक वीतभर अंतर योग्य. पंखा व फ्रीज बंद ठेवावेत, खिडक्या मिटाव्यात, भिंतींना गोधड्या लावाव्यात. विजेच्या जोडणीतून ५० हर्ट्‌झची गुणगुण येत असल्यास लॅपटॉप बॅटरीवर चालवावा. आवाजाची सर्वोच्च पातळी उणे १२ डेसिबेलच्या आसपास राहू द्यावी. शून्यापलीकडे गेलेला आवाज कापला जातो व तो नंतर दुरुस्त होत नाही. संगणकातील गोंगाट आपोआप कमी करणाऱ्या सोयी बंद कराव्यात, कारण लांबविलेला सूरही त्या गोंगाट समजून पुसतात.

४. जतन व संमती :
मूळ मुद्रण 'वेव्ह' स्वरूपात ठेवावे, एमपी-३ प्रत केवळ ऐकण्यासाठी करावी. फाइलच्या नावात दिनांक, गाव व विधी यांची नोंद असावी. गायिकेचे नाव तिच्या इच्छेनुसार नोंदवावे. ३ जून २०२० रोजी 'निसर्ग' चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आदळले, तेव्हा घरांची छपरे उडाली व वीज खंडित झाली. त्यामुळे तीन प्रती कराव्यात : एक संगणकात, दुसरी बाह्य डिस्कवर आणि तिसरी किनाऱ्यापासून दूर, शक्यतो महाविद्यालयाच्या ग्रंथालयात किंवा इंटरनेटवरील साठ्यात.

स्वामित्व हक्क अधिनियम, १९५७ च्या कलम ३८ नुसार सादरकर्त्यास आपल्या सादरीकरणावर ५० वर्षे हक्क असतो. धवलारिणीची संमती तिच्याच आवाजात, तिच्याच बोलीत मुद्रणाच्या आरंभी घ्यावी. मुद्रणाचा उपयोग कोठे होणार हे तिला सांगावे आणि एक प्रत तिच्या घरी अवश्य द्यावी.

समारोप :
उपरोक्त विवेचनावरून असे दिसते की, ध्वनिमुद्रणाची गुणवत्ता संगणकाच्या किमतीपेक्षा शांत जागा, मायक्रोफोनचे अंतर व प्रतींची शिस्त यांवर अधिक अवलंबून असते. या तीन बाबींत खर्चापेक्षा दक्षता अधिक लागते. किनारपट्टीवरील महाविद्यालयांतील मराठी, समाजशास्त्र व संगणक या विभागांनी एकत्र येऊन असा एक संच सिद्ध केल्यास, धवळ्यांप्रमाणेच बेने इस्रायली मराठी कीर्तने व कोर्लईची पोर्तुगीजमूलक बोली यांचेही जतन होऊ शकेल. विद्यार्थ्यांपैकी अनेकांच्या घरीच ही गाणी आहेत. त्यांच्या आज्या गात आहेत तोवरच हे कार्य करता येईल.