लोणारचा दगड आणि चंद्राचं पठार

येलदरीचं धरण ज्या काळ्या पाषाणाच्या मुलखात उभं आहे, त्याच दख्खनी लाव्ह्याच्या थरांत, सरळ रेषेत चाळीस किलोमीटरच्या आत लोणारचं सुमारे १.८ किलोमीटर व्यासाचं विवर आहे. ब्रिटिश अधिकारी सी. जे. ई. अलेक्झांडर यांनी १८२३ साली त्याची नोंद केली आणि पुढे बराच काळ ते ज्वालामुखीचं मुख समजलं गेलं. भोवती सगळा लाव्हाच असताना तसं वाटणं साहजिक होतं. चंद्राचंही तेच झालं. तिथली विवरं आघाताने झाली असं १८९३ मध्ये मांडणाऱ्या ग्रोव्ह कार्ल गिल्बर्ट यांनीच थोड्याच वर्षांत अॅरिझोनाचं विवर मात्र वाफेच्या स्फोटाचं ठरवलं. नुसत्या आकारावर निवाडा होत नाही, तो असा.

लोणारचा निवाडा केला दगडाने. १९७३ मध्ये फ्रेड्रिक्सन, दुबे, मिल्टन आणि बालसुंदरम् यांनी इथल्या खडकात मॅस्केलिनाइट सापडल्याचं प्रसिद्ध केलं. बेसॉल्टमधलं, म्हणजे इथल्या लाव्ह्याच्या खडकातलं, प्लॅजिओक्लेज हे खनिज प्रचंड दाबाच्या धक्क्याने काच होतं, पण स्फटिकाचा बाहेरचा आकार मोडत नाही; हीच काच म्हणजे मॅस्केलिनाइट. पातळ काप ध्रुवित प्रकाशात फिरवला की साधं प्लॅजिओक्लेज आलटून पालटून उजळतं. मॅस्केलिनाइट काळंच राहतं. एवढा दाब ज्वालामुखीत तयारच होत नाही.

लोणारवरून चंद्राची विवरं समजून घेण्यावर एक आक्षेप रास्त आहे. लोणारचा बेसॉल्ट चंद्रावरच्या काळ्या सपाट प्रदेशांशी जुळतो, उजळ पठारांशी नाही. पठारांचा खडक ॲनॉर्थोसाइट. २३ ऑगस्ट २०२३ रोजी उतरलेल्या चंद्रयान-३ च्या प्रज्ञान रोव्हरलाही दक्षिणेकडच्या पठारावर त्याच जातीची माती आढळली. चाचणीची कृत्रिम चांद्रमाती बनवायला इस्रोने तमिळनाडूतल्या सित्तमपुंडीचा खडक वापरला, लोणारचा नव्हे. हे सगळं खरंच आहे. पण ॲनॉर्थोसाइट म्हणजे जवळजवळ निव्वळ प्लॅजिओक्लेज! चंद्रावरचं प्लॅजिओक्लेज कॅल्शियमने अधिक भरलेलं असल्याने तुलनेने कमी दाबातही त्याची काच होते. हा फरक धरून आकडे बदलावे लागतील, प्रक्रिया मात्र तीच. पठारावरचं विवर समजायला लोणार उपयोगी पडतं ते या खनिजामुळे.

म्हणूनच एक काळजी बोलून दाखवावीशी वाटते. २०२० मध्ये रामसर दर्जा मिळाला तो सरोवराला, पाणथळ जागा म्हणून. आघाताने उसळून बाहेर पडलेला दगडगोट्यांचा थर मात्र काठापलीकडे शेतांत आणि वस्तीखाली पसरलेला आहे. विहीर, पाया किंवा रस्ता खणताना तो उपसला जातो, आणि एकदा हललेल्या थराचा क्रम पुन्हा लावता येत नाही. पाण्याइतकंच संरक्षण त्यालाही मिळायला हवं.