प्रदर्शनातली गाडी भामरागडला आली तर?

पर्लकोटा, पामुलगौतम आणि इंद्रावती या तीन नद्यांच्या संगमावरचं, गडचिरोली जिल्ह्यातलं भामरागड. पर्लकोटाच्या पुलावर पाणी चढलं की गावाचा संपर्क तुटतो, हे इथल्या माणसांनी वर्षानुवर्षं पाहिलंय. प्रदर्शनातली कॉन्सेप्ट कार आणि शोरूममधली गाडी यांतला फरक अशाच ठिकाणी कळतो.

चाकंच बघा. २०१८च्या ऑटो एक्स्पोत टाटांची 'एचफाइव्हएक्स' २२ इंची चाकांवर उभी होती. जानेवारी २०१९मध्ये ती 'हॅरियर' होऊन बाजारात आली, तेव्हा चाकं १७ इंची! मोठ्या रिमवर टायरची उंची कमी उरते. गुळगुळीत फरशीवर ते झकास दिसतं, पण भामरागडच्या वाटेवर आलापल्लीच्या पुढे खड्ड्यात आपटलं की दणका थेट रिमला. जाड टायर दबतो, दणका स्वतः खातो. माझं मत विचाराल तर १७ इंचीच बरी!

काचेची गंमत वेगळीच. टाटांच्याच १९९१च्या मूळ सिएराला तीनच दारं, आणि मागची भलीमोठी वळलेली काच उघडायचीच नाही. गडचिरोलीच्या मे महिन्यात मागे बसणाऱ्याचं काय होईल, सांगायला नको. २०२०च्या कॉन्सेप्टनं त्या काचेची आठवण जागवली. २०२५ची विक्रीची सिएरा मात्र पाच दारांची. जुन्या काचेचा भास काळ्या पट्ट्यांनी साधलाय.

अनेक कॉन्सेप्ट गाड्यांत चालण्याजोगं इंजिनही नसतं. त्या ढकलून मंचावर आणतात. उलट १० जानेवारी २००८ला दिल्लीत दाखवलेली टाटांची नॅनो बरीचशी तशीच रस्त्यावर आली: चाकाला तीनच नट, एकच वायपर, इंजिन मागे आणि पेट्रोल भरायचं तोंड पुढच्या बोनेटखाली!

आता पाणी. २०२०च्या थारची पाण्यातून जाण्याची क्षमता महिंद्र ६५० मिलिमीटर सांगते. इथं सगळा खेळ इंजिन हवा कुठून ओढतं, याचा. हवेऐवजी पाणी सिलिंडरमध्ये शिरलं की पिस्टन वर येताना अडतो, कारण पाणी हवेसारखं दाबलं जात नाही. मग कनेक्टिंग रॉड वाकतो आणि इंजिन खलास. म्हणून हवेचं तोंड उंचावर ठेवतात.

पण ६५० मिलिमीटरचा आकडा संथ पाण्याचा. दोन फूट वाहतं पाणी बहुतेक गाड्या उचलून नेतं. पुलावरून पाणी वाहत असेल, तर गाडी कोणतीही असो, अलीकडेच थांबा.