पेट्रोल दरवाढ व वाहननिवड

पेट्रोल महागले, तरी त्याची मागणी अल्पकाळात फारशी घटत नाही. कारण कामाच्या ठिकाणाचे अंतर व दारातील मोटार एकाएकी बदलत नाही. झळ लागते ती इतर घरखर्चाला, विशेषतः दूर राहणाऱ्या अल्प उत्पन्न गटातील कुटुंबांना. खरा बदल नवी मोटार घेताना होतो.

अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांचा अनुभव या दृष्टीने उद्‌बोधक आहे. ऑक्टोबर १९७३ मधील अरब राष्ट्रांच्या तेलबंदीनंतर खनिज तेलाचा दर पिंपास सु. ३ डॉलरवरून १९७४ च्या आरंभी सु. १२ डॉलर झाला. पंपांवर रांगा लागल्या. काही राज्यांत मोटारीच्या क्रमांकाच्या सम-विषम अंकानुसार पेट्रोल मिळे. आठ सिलिंडरी अवजड मोटारी विक्रेत्यांकडे पडून राहिल्या व होंडा सिव्हिकसारख्या छोट्या जपानी मोटारींना मागणी आली. १९७५ च्या कायद्याने नव्या मोटारींसाठी १९८५ पर्यंत गॅलनला सरासरी २७.५ मैल हे लक्ष्य ठरविले. हलक्या मालवाहू वाहनांना मात्र सौम्य निकष लावले गेले. १९८६ मध्ये तेल स्वस्त झाल्यानंतरच्या काळात याच वर्गात मोडणारी मोठी ‘एसयूव्ही’ वाहने लोकप्रिय झाली. २००८ च्या उन्हाळ्यात पेट्रोल गॅलनला ४ डॉलरवर जाताच त्यांची विक्री घसरली. जुन्या वाहनाचे मोलही उतरल्याने ते विकून लहान मोटार घेणे अनेकांना परवडले नाही.