ब्रिटनमधील कंपन्यांसाठी ओळख-पडताळणीचे नवे नियम : भाविक कुटुंबांसाठी माहिती



आपल्या बडोद्यातील कित्येक घरांतील मुले-मुली ब्रिटनमध्ये स्थायिक झाली आहेत. काहींनी तेथे लहानमोठ्या कंपन्या काढून आई-वडिलांना संचालक केले आहे. काही तेथील मंदिरांच्या कार्यकारिणीवर सेवा करीत आहेत. ‘मुलाने पासपोर्ट मागितला आहे, द्यावा काय?’ अशी पृच्छा काही ज्येष्ठ भाविकांनी कार्यालयात केली. त्यास्तव हे निवेदन.

पूर्वी ब्रिटनचे कंपनी-नोंदणी कार्यालय, म्हणजे ‘कंपनीज हाउस’, संचालकाची ओळख न तपासताच नाव दाखल करून घेत असे. त्याचा गैरफायदा घेऊन काल्पनिक संचालक दाखविले गेले, परक्यांचे पत्ते वापरले गेले आणि काळा पैसा फिरविण्यासाठी कागदोपत्री कंपन्या उभ्या राहिल्या. यास आळा घालण्यासाठी २०२३ साली तेथील संसदेने आर्थिक गुन्हे व कंपनी-पारदर्शकता यांविषयीचा कायदा केला. त्यान्वये १८ नोव्हेंबर २०२५ पासून ओळख-पडताळणी सक्तीची झाली.

नियम कोणास लागू? नव्या संचालकाने नियुक्तीपूर्वीच पडताळणी करावयाची आहे. त्या तारखेस पदावर असलेल्या संचालकांसाठी, पुढील बारा महिन्यांत येणाऱ्या ‘कन्फर्मेशन स्टेटमेंट’ या वार्षिक विवरणासोबत तिचा तपशील देण्याची मुदत ठरविण्यात आली. पंचवीस टक्क्यांहून अधिक समभाग वा मताधिकार असणाऱ्यांनाही पडताळणी आवश्यक आहे. संचालक बडोद्यात राहतो, म्हणून त्यास सूट नाही.

मंदिराची संस्था कंपनी म्हणून नोंदलेली असल्यास तिचे विश्वस्त हेच कायद्याने संचालक ठरतात. सेवा विनामूल्य असली तरी नियम चुकत नाही. मात्र ‘चॅरिटेबल इनकॉर्पोरेटेड ऑर्गनायझेशन’ या प्रकारच्या संस्थांची नोंद कंपनीज हाउसकडे नसल्याने त्यांच्या विश्वस्तांना त्या नात्याने ही पडताळणी लागत नाही.

पडताळणी कशी होते? ब्रिटिश सरकारच्या ‘वन लॉगिन’ सेवेद्वारे ती विनाशुल्क होते. भ्रमणध्वनीवरील ॲपमध्ये चिप असलेला पासपोर्ट चालतो. आपल्याकडील अनेकांच्या जुन्या पासपोर्टात चिप नाही. अशांनी अधिकृत प्रतिनिधीचा मार्ग धरावा. पडताळणी झाल्यावर अकरा अक्षर-अंकांचा वैयक्तिक संकेतांक मिळतो. तो कंपनीचा नसून व्यक्तीचा असतो. एकच संकेतांक सर्व कंपन्यांसाठी चालतो. तो जपून ठेवावा, कोणासही सहज सांगू नये.

प्रतिनिधी कोण? हिशेबनीस, वकील आदी व्यावसायिकांना इतरांची ओळख पडताळावयाची असल्यास प्रथम स्वतः कंपनीज हाउसकडे नोंदणी करावी लागते. शिवाय काळ्या पैशाविरुद्धच्या ब्रिटिश कायद्यानुसार एखाद्या मान्य संस्थेची देखरेख त्यांच्यावर असावी लागते. ते शुल्क आकारू शकतात. कागदपत्रे देण्यापूर्वी त्यांची नोंदणी आहे याची खात्री करावी. ‘तातडीने पैसे भरा’ अशा अनोळखी ई-पत्रांस उत्तर देऊ नये.

पडताळणीविना संचालक म्हणून काम करणे हा तेथे गुन्हा असून दंड होऊ शकतो. म्हणून मुलाने पासपोर्ट मागितल्यास घाबरू नये. परंतु न विचारता देऊही नये. कंपनीचे नाव काय, व्यवसाय कोणता, आपण कोणत्या नात्याने त्यात आहोत, हे आधी समजून घ्यावे. जबाबदारी पेलणार नसेल तर संचालकपदाचा रीतसर राजीनामा देणे हाच सरळ मार्ग होय. त्यात मुलावर अविश्वास नाही.

देवस्थानाच्या पावतीवर सही करताना आपण रक्कम दोनदा मोजतो. दूरदेशीच्या दप्तरात नाव घालतानाही तेवढीच दक्षता असावी.



आपला नम्र,
सचिव, विश्वस्त मंडळ